चाळिसावा भाग

निपाणीत समुद्र नाही.
तंबाखूचा खाट आहे, दारं लावली तरी
उशीपर्यंत येतो.
तरी दर गुरुवारी साडेआठला
आमच्या गल्लीत भरती यायची.

मी आदगोंडा. रेडिओ-टीव्ही रिपेअर,
जुन्या पी.बी. रोडला टपरी.
माळवदावर बांबू धरून उभा राहायचो,
खालून तानूबाई ओरडायची,
"पन्हाळ्याकडं फिरव! आनि जरा! बस्स, आता हालू नगंस!"
एवढ्या बोटभरानं बेंगलोर जायचं
आणि मुंबई यायची, मुंग्या मुंग्या होऊन.

मग 'मीठबंदर'.
दीपगृहवाल्याची द्वारका,
तिचा बुडालेला का पळालेला नवरा,
कस्टमचा तो एक डोळा बारीक करणारा साहेब.
मांडीवर सूप, सुपात पानं,
बायकांची बोटं न बघता वळत राहायची,
आणि जाहिरात लागली की कळायचं,
दहा बिड्यांना सूतच बांधलेलं नाही.

एकोणचाळिसाव्या भागात पत्र आलं.
द्वारकानं पाकीट दिव्यापुढं धरलं,
कडेला नख लावलं,
क्रमशः.

पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला
एक साहेब उसावरच्या लोकरी माव्याबद्दल बोलत होते.
आधी शिव्या मला बसल्या, अँटेना हलला म्हणून.
मी अर्धा तास बांबू फिरवला.
सगळ्या दिशांना मावाच.

मुंबईतल्या कुणा चेकरनं
आमची मालिका छाटीत टाकली होती.

एकशे बारा जणींचं पत्र गेलं.
त्यातले सत्तर अंगठे.
शाई लागलीच नाही, म्हणते मेहरून,
तंबाखूनंच उठले.
उत्तर आलं छापील :
आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.
तानूबाईनं ते मजुरीच्या बुकात ठेवलं.

त्याला तीस वर्षं होत आली. गुरुवार मोडला नाही.
टीव्ही बंद, चाळिसावा भाग तोंडानं.
मेहरूनची द्वारका पाकीट फाडत नाही,
भाताच्या वाफेवर धरते, उघडते, वाचते,
परत चिकटवून ठेवते.
तानूबाई दर वेळी नवऱ्याला बुडवते.
पुरे म्हटलं तरी बुडवते.
तिचा स्वतःचा इचलकरंजीला मागावर गेला होता,
एवढंच मी सांगतो.
आणि निलव्वा,
जी मराठी शिकली तीच ह्या मालिकेवर,
म्हणून नळावर भांडतानासुद्धा
पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलते,
पत्रातला मजकूर मात्र कन्नडात सांगते.
का म्हणून विचारलं तर,
"पत्र आतलं असतं. आतलं मला असंच येतं."

मध्ये एकदा साबणाच्या जाहिरातीत द्वारका दिसली.
बादलीभर फेस, आणि हसत होती.
"बगा, मिळालं हिला पत्र," तानूबाई म्हणाली,
"आनि आमाला सांगितलं न्हाई भवानीनं."

नातवंडांनी मोबाईलवर शोध शोध शोधलं.
कुठंच काही नाही.
माझ्याकडे आहे. अकरा मिनिटं.
माझ्या लग्नाच्या कॅसेटवर.
त्या रात्री हाताशी कोरी कॅसेट नव्हती,
आणि बटण पद्मलनंच दाबलं, मी नाही.
अजून लावली की मंगलाष्टक सरतं,
अंतरपाट खाली येतो,
आणि पद्मलच्या पुढ्यात मी नसतो,
लाटा असतात.
"बरंच झालं," म्हणते ती,
"मुंडावळ्यात तुमचं तोंड काय बघन्यासारखं नव्हतं."

गेल्या गुरुवारी तानूबाईनं त्याला बुडवलं नाही.
पोहत आला म्हणाली.
काठाला लागला. कपडे पिळले.
मग पुढं काय ते सांगेना.
कोणी विचारलं नाही.
सुपातली पानं सुकायला लागली होती,
निलव्वानं ओंजळभर पाणी घेऊन
त्यांच्यावर मारलं.