डब्यात काय आहे

छत्री धुऊन गच्चीवर उघडी ठेवली.
तिच्या एका काडीला तार बांधलेली आहे,
ती सोडायची की पुढच्या वर्षासाठी राहू द्यायची
यात थोडा वेळ गेला.
राहू दिली. मिटून कपाटावर टाकली.
याला सण म्हणायचं असेल तर म्हणा.

चोपड्यात शरद असाच येतो.
पंखा चारवर असतो तो चारवरच राहतो,
दुपारी डांबर चपलेला धरतं,
आणि सुपडूआप्पा दुधाचं माप किटलीत सोडत म्हणतात,
"पानी गया. आते बोंडं फुटतीन."
आभाळाकडे न बघता.
कशावरून, विचारलं
तर म्हणाले, रात्री नाल्यातलं एकही बेडूक बोललं नाही.

मग मी गोधड्या काढते.
चार महिने पेटीत दमट झालेल्या.
कठड्यावर टाकल्या की आधी त्यांचा पावसाळा बाहेर येतो,
वास,
नंतर एकेक ठिगळ ओळख देतं:
हा पडदा, हा ह्यांचा जिनिंगमधला खाकी सदरा,
हे कशाचं ते आठवत नाही.
उन्हात दोनदा उलटायच्या, काठीने झोडायच्या.
शेजारची भाविका झोडायला येते,
तिला त्यात इतका आनंद आहे की मी विचारत नाही
ती कोणाला मारते आहे.

मधेच काठी थांबवून म्हणते, काकू, डोंगर आला!
खरंच आला.
जूनपासून पुसलेला सातपुडा
पाण्याच्या टाकीपलीकडे आपल्या जागेवर,
घड्या मोजता याव्यात इतका धुतलेला.
मी पाच मोजल्या. ती सहा म्हणाली.
सहाच धरू. तिचे डोळे नवे आहेत.

रात्री जेवण गच्चीवर. त्याला कारण लागत नाही.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.
भरताची वांगी अजून अंगठ्याएवढी आहेत,
त्यांना वेळ देऊ.

भुलाबाई बसल्यापासून गल्लीतल्या मुली रोज एका घरी.
टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी तो झाकणाचा डबा
कानाशी खळखळवून: ओळखा!
फुटाणे सगळ्यांना येतात. मुरमुरे फसवतात.
ह्यांच्या कानात मात्र
बत्तीस वर्षं रेच्यांनी आवाज कोंबला,
आता तिथे दुसरं काही मावत नाही.
हे डब्याच्या बुडाला तळवा लावतात,
डोळे मिटतात
आणि चुकतात.
मुली त्याचसाठी थांबलेल्या असतात.

कोजागिरीला आमची पाळी होती.
दूध आटत होतं, जायफळ माझ्या हातात,
आणि भाविकाने चोरून आपलाच एक डबा आणला.
हलवला. काहीच वाजलं नाही.
साखर? पीठ? पेढा चिकटवलाय, पेढा!
डबा फिरत फिरत ह्यांच्याकडे आला.
तळवा लावला, वजन पाहिलं, म्हणाले, केळं.
सगळ्या हसल्या. हेही, थोडं उशिरा.

झाकण काढलं तर आत एक बोंड,
तिच्या मामाच्या अडावदच्या शेतातलं, पहिलं फुटलेलं.

ह्यांनी चिमटीत रुई घेतली,
ओढली, जुळवली, पुन्हा ओढली,
अंगठ्याच्या नखावर आडवी धरली
आणि त्यांना वाटतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्यानं
म्हणाले, एकोणतीस.
एकोणतीस काय?
मिलिमीटर.
खोटं! म्हणत भाविका
कंपासमधली पट्टी आणायला
अनवाणी जिना उतरली.

चंद्र दुधात यावा म्हणून पातेलं उघडं होतं.
पट्टी आली. आठ डोकी एका अंगठ्यावर वाकली.
रेघा काही दिसेनात.
दिव्याचं बटण जिन्यातच आहे, दोन पायऱ्या खाली.
कोणी गेलं नाही.