सहा-सहा

डिसेंबरात बर्म्युडा गवत मरत नाही, झोपतं.
टीव्हीला मात्र झोपलेलं चालत नाही,
म्हणून आधी मी त्याला हिरवा रंग देते,
मग हिरव्यावर पांढरा, पांढऱ्यात लाल.
मोबील, अलाबामा. बावीस वर्षं हेच.
माझं नाव व्हर्लीन टॉलिव्हर.
बक्षीस समारंभात ते कधी कोणी घेतलेलं नाही,
घेऊही नये, माझे बूट बघा.

मागच्या वर्षी हा टायरवाल्यांचा बाउल होता,
त्याआधी लोकांचे कर भरून देणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा,
यंदा गाद्यांचा.
मैदानाच्या मध्यावर आज एक उशी रंगवली,
चाळीस फूट लांब,
कोपऱ्यात सुरकुतीसुद्धा. सुरकुतीचा नकाशा वेगळा आला होता.

मोठ्यांचे सामने जानेवारीत, दुसऱ्या गावांत.
आमच्याकडे येतात ते काठावर पास झालेले:
सहा जिंकले, सहा हरले.
टस्कोला स्टेटचा मुख्य प्रशिक्षक
मंगळवारीच जास्त पगारावर टेक्सासला गेला.
त्यांचा नावाजलेला रिसीव्हर खेळणार नाही,
गुडघा एप्रिलसाठी जपून ठेवलाय.
उरलेल्यांना हॉटेलात प्रत्येकी
एक बॅग, एक घड्याळ आणि अर्थातच
एक उशी.

रात्री साडेदहाला, रंग ओला असताना
एक पोरगा कुंपणावरून आत उतरला,
उशी काखेत.
मी ओरडणार, तोच म्हणाला,
मॅम, मी लाँग स्नॅपर आहे.
जणू एवढ्याने सगळं माफ.

लाँग स्नॅपर म्हणजे किकच्या वेळी वाकून
दोन पायांमधून चेंडू मागे फेकणारा.
चार वर्षं त्याने हा खेळ उलटा पाहिला:
आभाळ खाली, प्रेक्षक वरून टांगलेले,
आणि पंधरा यार्डांवर उलटा उभा एक मित्र
हात पुढे करून.
असल्या माणसाचं नाव लोकांना कळतं ते एकदाच,
चुकला तर.
तुला ओळखतं का कोणी, मी विचारलं.
नाही, म्हणाला,
आणि पगारवाढ झाल्यासारखा हसला.

सोमवारपासून पीओरियाला, काकाच्या दुकानात,
घराघरातल्या भट्ट्या दुरुस्त करायच्या.
हे त्याने सांगितलं, मी विचारलं नव्हतं.
मग म्हणाला, यातलं कुठलं अक्षर वाळलंय?
ओ, मी म्हटलं, तेही अर्धवट.
दोन पुरुष उंच तो ओ. पोरगा त्याच्या पोटात
आडवा झाला, उशी डोक्याखाली,
आणि पहिल्यांदाच, मला वाटतं,
ते मैदान त्याने सुलट पाहिलं.
की आभाळच पाहिलं फक्त, काय माहीत.
मी टस्कोलाचा शेवटचा आ भरत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्रेक्षकांपेक्षा बँडवाले जास्त.
वरच्या रांगांत समुद्रपक्षी, फुकट.
पोरगा वाकला की हेल्मेटखाली मानेवर
माझ्या रंगाचा पट्टा दिसायचा, बोटभर.
आठ वेळा वाकला.
आठ वेळा काही झालं नाही.
नवव्या वेळी चार सेकंद उरलेले, दोन गुण कमी,
चेंडू सुतासारखा सरळ गेला, धरणाऱ्याने धरला,
आणि मारणाऱ्याने तो डावीकडे, खांबाबाहेर घातला.
बाकीचे डोकं धरून उभे.
हा तसाच, ओणवा,
चेंडू गेला तिकडे पायांमधून बघत.

सहा-सात.
लाउडस्पीकरने मारणाऱ्याचं नाव घेतलं, दोनदा.
याचं नाही.
तेव्हा लक्षात आलं, मीही विचारलं नव्हतं.

शनिवारी इथे शाळांचे सामने, म्हणजे धुणं आलं.
पाण्याने लाल जातो, पांढरा जात नाही,
मार्चपर्यंत सगळी अक्षरं पुसट वाचता येतात,
एकावर एक, पाच-सहा कॉलेजं.
रंगाखालचं गवत उशिरा उठतं,
ओच्या पोटातलं आधी.

उशी कुंपणापाशी राहिली होती. मी घरी नेली.
गाद्यांच्या कंपनीच्या मानाने
फारच कडक आहे.