खालची बाजू

अग्निशमन केंद्राच्या तळघरात आमचे सात माग.
वर भोंगा वाजला की फण्या आपोआप थरथरतात
आणि ओईवा घड्याळ बघतो.
चाळीस वर्षं बस चालवली त्याने,
उशीर कुणाचाही असो, त्याला तो आपलाच वाटतो.

बुधवार. चारलाच अंधार.
तळ्याचा बर्फ अजून माणसाचं वजन पेलत नाही.
हिल्क्का वेलदोड्याचे पाव आणते,
आणि खिडकीकडचा माग
तेल्लेर्वो गेली तसाच उभा आहे :
सहाशे बारा तागाचे धागे ताणलेले,
वीतभर विणलेलं,
धोट्यात अर्धी कांडी.

ताणा कापून टाकावा, असं कुणीच म्हणालं नाही.
तिची चौकड्यांची वही होती आमच्यापाशी,
पेन्सिलीच्या फुल्या,
शाळेत आजारी मुलाच्या नावापुढे मारतात तशा.
चार चौकटी, सहा पावड्या. वाचता येईल, वाटलं.

पहिल्या बुधवारी साइमी बसली.
तीन बोटं विणलं, तर नुसतं करडं, सैल,
पोत्यासारखं काहीतरी.
उसवलं.
दुसऱ्या बुधवारी हिल्क्का बसली. तिने आयुष्यभर
लोकांचे दात बसवले, तिचा हात चुकत नाही.
तरीही पोतंच.
उसवलं.
मी डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं,
वही उलटी धरली, आरशात धरली.
उसवताना ताग कुसासारखा बोटांत शिरतो
आणि कुणी कुणाशी बोलत नाही.
"तिचंच चुकलं असेल," साइमी एकदा पुटपुटली.
मग बराच वेळ कॉफी ढवळत राहिली,
साखर न घालताच.

विल्या आमच्यात सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची,
रात्री बेकरीत काम करते, बाह्यांवर पीठ घेऊन येते.
तिला विणकरगाठसुद्धा ओईवाने शिकवलेली,
बुटाच्या नाडीवर.
एक पावडी सुटली, म्हणून दोरी बांधायला
ती मागाखाली आडवी झाली
आणि उठेचना.
"काय गं, झोपलीस?"
"या," ती म्हणाली. "एकेक जण या."

खाली, दिव्याच्या तिरप्या उजेडात,
वीतभर कापडभर चांदण्या होत्या.
आठ पाकळ्यांच्या, दाट, एकीला एक खेटून.
आणि जिथे तिची वीत संपून आमचं पोतं सुरू होत होतं
तिथे जोडच नव्हता.

ती उलटं विणायची.
वहीच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात :
तीन चौकटी उचलण्यापेक्षा एक उचलणं हलकं.
गुडघे दुखतात.
अकरा वर्षं शेजारच्या मागावर बसत होते मी.
गुडघ्यांचं कधी म्हणाली नाही.

मग आम्ही सगळेच खाली गेलो, पाळीपाळीने,
सत्तरीच्या पाठी थंड फरशीवर,
हिल्क्का चष्मा कपाळावर सरकवून,
साइमी हुंदक्यासारखं काहीतरी हसत.
ओईवा गेला तो गेलाच.
त्याला वर काढायला शेवटी
अग्निशमनवाले दोघं जिना उतरून आले,
शिरस्त्राणं घालून, फार गंभीर चेहऱ्याने,
आणि त्याला उचलण्याआधी
दोघंही क्षणभर वाकून वर बघत राहिले.

आता रोज कुणीतरी विणतं.
वरून पोतं दिसतं, दिसू दे.
पाय मोजतात : एक, तीन, एक, चार.
कापड मार्चमध्ये उतरेल.
ते कुणाकडे जाणार यावर
आमचं दोनदा भांडण झालंय, तिसरं व्हायचंय.

वहीत तिच्या फुल्यांखाली
हिल्क्काने शाईने लिहून ठेवलंय :
पुढच्या विणणाऱ्यासाठी.
उसवण्याआधी खाली झोपून बघा.
सोबत माणूस ठेवा, उठवायला.
आणि त्याखाली, वेगळ्या अक्षरात,
कॉफीचे चार युरो, ओईवाकडून येणे.