पत्र्यातलं बंदर

धरणगावच्या जिनात आप्पा
दाबलेल्या गाठींवर नाव उमटवायचे.
कापलेला पत्रा गोणपाटावर धरायचा,
वरून काळ्या रंगाचा कुंचला, एकदा सरळ, एकदा उलटा.
पाच अक्षरं. वाचता एकही येत नव्हतं,
पण ओळख पक्की:
आधी विळा, टोकाशी आत वळलेला,
मग तीन दातांची फणी,
मग दोन खुरांमधून तिरपी ओढलेली खाटेची दोरी,
मग बांगडी,
आणि शेवटी घराचा पाखा, आडवं लाकूड घातलेला.
मुकादम भिला नाना म्हणायचे,
"जिनवा. समुद्रवर शे."
याहून जास्त त्यांनाही माहीत नव्हतं.

सत्तावीस हंगाम.
एका पोळ्याला तर बैलाच्या पाठीवरही
जिनवाच उमटलं होतं.

मी गेले तेव्हा नोव्हेंबर संपत होता.
उतारावर रेललेली उंच घरं,
बोळ इतके अरुंद की समोरून कुणी आलं
तर एकाने भिंत व्हायचं.
तळलेल्या मासळीचा वास, ओल्या दोरखंडांचा वास,
आणि धक्क्यावर कापसाची लांबच लांब वखार.
नाव अजून कापसाचंच,
आत मात्र सभागृहं, काचेची दारं, गालिचे.
मी दगडांच्या सांधीत नख घालून पाहिलं.
सरकी नाही, साधा तूसही नाही.
पहारेकऱ्यानं हातवारे करून विचारलं, काही हरवलंय?
मी हो म्हटलं. मग नाही म्हटलं.

स्टेशनच्या पाटीचा फोटो तेवढा आणला.

आप्पांनी फोन उन्हात नेला, सावलीत आणला,
अंगठ्यानं एकेक अक्षर झाकत गेले.
विळा. फणी. खाट. बांगडी.
आणि पाख्याच्या अलीकडे
ही कोण मध्येच घुसलेली बेचकी?
मी सांगितलं, त्यांच्या भाषेत तसंच लिहितात,
आपला पत्रा इंग्रजीतला होता, चूक कुणाचीच नाही.
त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.
"मंग आपल्या गाठी," ते म्हणाले,
"गयात कथा?"

रात्री माळ्यावर खडखड झाली,
नंतर बराच वेळ छिन्नीची ठकठक.
सकाळी पत्रा अंगणात, तुळशीला टेकवलेला.
बांगडी आणि पाख्याच्या मध्ये जागाच नव्हती,
म्हणून बेचकी त्यांनी वर कोरली होती,
सुटलेलं अक्षर ओळीच्या डोक्यावर लिहितात तशी.
मी बोट फिरवलं.
कडा अजून कापत होत्या.