एकशे अडतीस

सोसायटीच्या गेटाशी जो स्पीडब्रेकर आहे
तो मी रविवारी सकाळी हाइट गेज लावून मोजला.
एकशे अडतीस मिलिमीटर.
वॉचमन लिंबराज म्हणाला, ताई, महापालिकेतून आलात का?
नाही रे. गाडी घ्यायचीये.

एकतीस वर्षं भोसरीत गिअरचे दात तपासले.
यंत्रं नंतर आली, तोवर माझा डावा कान हेच यंत्र होतं.
जोडी फिरवायची, डोळे मिटायचे,
आणि जो दात खोटं बोलतो
त्याच्यावर खडूनं फुली मारायची.
गिअर नीट असला की कुणी विचारत नाही कुठून आला.
तेही बरोबरच आहे.

आता गुडघा. तोही डावाच.
डॉक्टर म्हणाले, क्लच विसरा.
विसरते म्हटलं, पण मग बदल्यात
मला काहीतरी मिळालं पाहिजे.

धाकटे दीर विचारतात, वहिनी, या वयात दोन दारांची?
डिकीत गॅसचा सिलिंडर मावेल का?
भावजी, पाइपलाइन येऊन सहा वर्षं झाली.

पहिली लाल. वाकडला, हायवेलगत,
पत्र्याच्या शेडमध्ये, बॉनेटवर झेंडूची माळ.
एजंट म्हणाला, सिंगल ओनर, मॅडम,
फक्त अठरा हजार फिरलीय.
ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र
देवळाच्या उंबऱ्यासारखं झिजलेलं.
तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ती बारीक कण्हली.
गाणी मोठ्यानं लावली होती त्यानं. मी बंद करायला सांगितली.
मग तोही ऐकत बसला, बिचारा.

दुसरी पांढरी, सायलेन्सर बदललेला,
सिग्नलला नुसती उभी राहिली तरी
अख्ख्या कर्वे रोडला कळावं.
मला रोज सकाळी सातला निघायचंय, वारज्याहून औंधला,
पोरांना मायक्रोमीटर धरायला शिकवायला.
खालच्या मजल्यावरचं बाळ उठू नये
आणि तरी चांदणी चौकाच्या चढावर
पाठ सीटला थोडीशी चिकटावी.
फार मागतेय का मी?

तिसरी राखाडी. सॅलिसबरी पार्कातल्या डॉक्टर ओसवालांची.
तेही दातांचेच.
मागे बेबी सीट बसेना, म्हणून विकायला काढलेली.
सगळी बिलं पंच करून फाइलला लावलेली,
वायपरच्या बिलासकट.
मी गाडीच्या आधी फाइल वाचली.
गिअरबॉक्सचं तेल दोनदा बदललेलं.
ते तेल जन्मभर पुरतं असं तेच सांगतात
ज्यांनी गिअरचा जन्म पाहिलेला नसतो.

बोपदेव घाटात नेली, काचा खाली करून.
शेजारी ताजुद्दीन मेकॅनिक, हातात टॉर्च, तोंडात बडीशेप.
पहिल्याच वळणाला तिनं माझ्या आधी ओळखलं
आणि न विचारता एक गिअर उतरली,
जशी आमच्या टेबलावरची हौसाक्का
मी हात पुढं करायच्या आत
पुढचा पीस तळव्यावर ठेवायची.
सवयीनं डोळे मिटले माझे.
ताजुद्दीन ओरडला, बाई, समोर!

ऐकू काय आलं? जवळजवळ काहीच नाही.
तेलातून उठणारी एक घरघर, चढाला घेतलेला दम,
पण दात एकही नाही.
कुठल्यातरी परक्या गावात, थंडीत,
कुणीतरी खडू घेऊन बसलं असणार,
त्यानं किंवा तिनं ही जोडी दोनदा ऐकली असणार.
मला हसू फुटलं. चक्क मोठ्यानं.
वर खिंडीत कणसं भाजणारी बाई वळून बघायला लागली.

घासाघीस झालीच. डॉक्टर वीस हजारांनी उतरले,
मी त्यातच एक दाढ दाखवून घेतली.

पोट जमिनीपासून एकशे बत्तीस.
म्हणजे सहा कमी. हे मला घेण्याआधीच माहीत होतं.
घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी गेटाशी लिंबराज
हात हलवत उलटा चालत निघाला:
तिरपी घ्या ताई, तिरपी, अजून...
एक चाक चढलं. मग दुसरं.
मधेच कुठेतरी, नखानं पत्र्यावर रेघ ओढावी
एवढासा आवाज.
लिंबराजनं जीभ चावली.

मी पुन्हा एकदा मनात ऐकला तो.
चालेल, म्हटलं.
खडू नको.