पाठीमागची रेघ

वल्हवणाऱ्याचं तोंड मागे असतं.
जिथून निघालो ते दिसत राहतं,
जिथं पोचायचं ते पाठीला.
ते एकट्या तांडेलाला दिसतं.
आमचा तांडेल बायनीर,
अंगाला ओल्या लोकरीचा वास, बोलणं मोजकं.
पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं :
मान वळवायची नाही. रेघ मी बघेन.

जुलैअखेरची शर्यत.
तोर्शावनचा धक्का माणसांनी काळा झालेला,
सहा वल्ह्यांची नाव, सहा मुली,
तिसऱ्या फळीवर मी, एकोणीस वर्षांची,
तळहातांवर वर्षभराचे घट्टे.
आम्ही पुढे होतो.
मला ठाऊक होतं, कारण पलीकडच्या बेटाची नाव
मला दिसत होती,
आणि दिसते ती मागे असते.
वीसेक वल्ही राहिली असतील.

मी मान वळवली.
किती उरलंय, एवढंच बघायचं होतं.

वल्हं तिरकं शिरलं. पाण्यानं ते धरून ठेवलं.
मूठ बरगडीत, सुन्नवाचं वल्हं पाठीत.
नाव थांबली नाही, अडखळली फक्त,
ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवू नये
तेवढीच.
तेवढ्यात पलीकडच्या बेटाच्या मुली
माझ्या डोळ्यांसमोरून, शेजारून,
पाठीमागे निघून गेल्या.
टाळ्या मी नुसत्या ऐकल्या.

कुणी काही बोललं नाही.
बोलले असते तर बरं झालं असतं.
बायनीर म्हणाला, नाव धुवायचीय.
गोड्या पाण्याच्या बादल्या, फडकी,
फळ्यांच्या सांध्यांतलं मीठ.
सुन्नवानं रिकामी बादली माझ्या हातात दिली,
भरून आण, म्हणाली.
तेवढंच एक वाक्य, अख्ख्या दिवसात.
रात्री सगळी गावं हातात हात घालून नाचली.
त्यांच्या पायांचा ठेका
नौकाघराच्या भिंतीतून येत राहिला,
आणि मी आमच्या नावेचं बूड पुसत राहिले,
कोरडं होतं तरी.

हिवाळाभर कारखान्यात कॉड सोलले.
सुरी, काटा, बर्फ.
लोक म्हणतात, हार शिकवते.
मला नाही तसं वाटत.
पाणी कुणाला शिकवायला बसलेलं नसतं.
मी शिकले, तर फार उशिरा
आणि भलत्याच जागी,

वडलांच्या उशाशी.
त्यांची उजवी बाजू गेलेली.
चमचाभर सूप, मग हनुवटी पुसायची,
मग पुन्हा चमचा.
डेन्मार्कहून बहीण फोनवर विचारायची :
डॉक्टर काय म्हणतात, अजून किती?
मी म्हणायचे, थांब, सूप निवतंय.
एक चमचा. हनुवटी. एक चमचा.
कधी कधी त्यांच्यावर खेकसलेही.
पण मान वळवली नाही.
चौदा महिने.
रेघ कधी ओलांडली ते कळलंच नाही,
चमचा हातातच होता.

आता तांडेल मी.
बायनीर धक्क्यावरच्या बाकावर बसून
माझ्या प्रत्येक हाकेला नाक मुरडतो.
आम्ही अजून एकदाही जिंकलेलो नाही,
हेही सांगून टाकते.
आणि ती बरगडी,
वारा ईशान्येचा असला की बोलते.

गेल्या वर्षी एल्स्पाचं वल्हं अडकलं.
सोळा वर्षांची. ती धक्क्यावर ओकली,
मग दोरखंडांच्या ढिगामागे जाऊन बसली.
माझ्यापाशी सव्वीस वर्षांची वाक्यं साठलेली,
एकेक घासूनपुसून ठेवलेलं.
एकही बाहेर आलं नाही.
मी तिच्या हातात बादली दिली.

ती नळाकडे गेली.
मी फडकं पिळलं, नावेला लावलं,
एक फळी, दुसरी फळी,
आणि मग न राहवून
मान वळवून बघितलं,
येतेय का.