मधली रेघ आधी

वही उघडते. रेघ मारते.
मधली, उभी. ती आधी.
एकोणतीस वर्षं सांगत आले वाशीच्या वर्गात,
रबाळ्याची शिफ्ट संपवून येणाऱ्या पोरांना:
मधली आधी, मग डावी उतरून खाली वळते, मग उजवी.
झाला डोंगर. यामा.

आता मधलीनंतर हात थांबतो.

वाचता येतं. कुठेही दिसो, लगेच: यामा.
कुणी चुकवलं तर खटकतंसुद्धा.
मार्चमधली ती गुठळी, तूरडाळीएवढी,
नेमकी कुठल्या कप्प्यात बसली कोण जाणे.
मराठी शाबूत आहे, नशीब समजा, म्हणाले डॉक्टर.
खरंय. दुधाचा हिशेब लिहिते, चेकवर सही करते,
बँकेची तक्रार नाही.

घणसोलीच्या आमच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
एका अंगानं खाणीनं खाल्लेला.
त्याच्याकडे बघून काढ, म्हणतात हे.
चित्र नाही काढायचंय मला.

काल फिलोमिना आली, जुन्या बॅचची.
बोलली कमीच. माझा तळवा उलटा करून
बोटानं काढायला लागली
भरभर, डावीकडूनच.

"मधली आधी!" मी ओरडले.

तिनं तळवा पुसला,
खरंच काही उमटल्यासारखा.